नासेबाच्या खांद्यापर्यंत

तोमदावा मेल्यावर नेमका कुठे गेला, यावर त्याच्या बहिणीचं, बोसुमाचं, बरंच काही अवलंबून होतं.

तो तुमा बेटावर गेला असेल, म्हणजे किरिविना बेटावरची सगळी माणसं आजवर जात आली तिथेच, तर बोसुमाचा फायदा होता. तुमावर माणूस म्हातारा झाला की कात टाकतो आणि पुन्हा तरणा होतो. असं कितीतरी वेळा झालं की कंटाळतो, इवलासा होतो आणि समुद्राच्या फेसावरून तरंगत परत येतो. येतो तो आपल्याच आईच्या वंशातल्या बाईच्या पोटी. बोसुमाच्या वंशात त्या वयाची बाई एकच होती, तिची मुलगी इबेना. म्हणजे आज गेलेला भाऊ कधी ना कधी नातू होऊन मांडीवर. वाट पाहावी लागली असती, पण मुद्दल बुडत नव्हतं.

पास्टर म्हणतो त्या स्वर्गात तो गेला असेल, तर मुद्दलही गेलं. तिथून कोणी परत येत नाही. पास्टरने हे चर्चमध्ये मोठ्या आनंदाने सांगितलं होतं.

तोमदावाची बायको नासेबा. तिचं गणित उलटं होतं. तुमाच्या किनाऱ्यावर नवा माणूस उतरला की तो पहिले दोन दिवस घरच्यांसाठी रडतो. मग तिथल्या बायका त्याच्याभोवती जमतात, मंतरलेला पाला त्याच्या नाकाशी धरतात, आणि तो मागचं सगळं विसरतो. लहानपणापासून हे ऐकताना नासेबाला गंमत वाटायची. आता वाटत नव्हती. स्वर्गात असली भानगड नाही. तिथे कोणी लग्नच करत नाही, असं पुस्तकात छापलेलं आहे.

बोसुमाचा नवरा मोलुबा चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरचा मदतनीस. स्वर्ग खरा ठरला तर त्याचं एक डुक्कर वाचत होतं.

राहता राहिली इबेना. ती मोठ्या भूमीवर जाऊन शिकून आली होती आणि म्हणायची, "मेल्यावर माती होते, आई. बाकी काही नाही." तिला नफाही नव्हता आणि तोटाही. म्हणूनच की काय, पानं खरवडण्यात तिचा हात सगळ्यांत वेगाने चालायचा.

पानं केळीची. कोवळं पान चिरायचं, नक्षी कोरलेल्या पाटावर अंथरायचं आणि मासळीच्या डब्याच्या झाकणाने खरवडायचं. गर निघतो, नक्षी उठते. मग पट्ट्या उन्हात वाळवायच्या, एका टोकाला बांधायच्या, दुसरं टोक फुलवायचं. ही झाली एक जुडी. माणूस मेला की त्याच्या आईकडच्या माणसांनी मढ्याला हात लावायचा नाही, रडून गोंधळ घालायचा नाही, डोकं भादरायचं नाही. ते सगळं बायकोकडच्यांनी आणि बापाकडच्यांनी करायचं. आणि त्यांनी जे जे केलं, ते आईकडच्या बायकांनी एका दिवशी, गावाच्या मधोमध, सगळ्यांसमोर जुड्यांनी फेडायचं. फेडलं नाही तर मेलेला माणूस फुकट पुरला गेला, असं होतं. त्यांच्याच कुडुवाला गावात असं एकदा झालं होतं, बोसुमाच्या आजीच्या वेळी. त्या घरच्या पोरी अजून पाणवठ्यावर शेवटी पाणी भरतात.

तोमदावाला जाऊन चार महिने झाले होते. तेवढेच दिवस नासेबा घरातल्या घरात चटयांच्या आडोशाला बसून होती, डोकं भादरलेलं, अंगाला काजळी, स्वतःच्या हाताने जेवायचं नाही. जुड्यांचा दिवस उजाडेपर्यंत तिची सुटका नव्हती. दिवस ठरला होता, कोनफळं काढून झाल्यावरच्या पौर्णिमेचा. मधे तीन आठवडे उरले होते.

"किती झाल्या?" इबेनाने विचारलं.

"दोन हजार नऊशे."

"आणि किती हव्यात?"

"पाच हजार. लाज राखायला साडेचार." बोसुमाने अंगठा तोंडात घालून चोखला. झाकणाने नखाखाली चिरलं होतं. "मावश्या मिळून हजार आणतील. उरलेल्या तुझ्या बापाच्या डुकरात आहेत."

रीत तशीच होती. बायकोकडचे पुरुष दर हंगामाला नवऱ्याच्या कोठारात कोनफळं भरतात. त्याची परतफेड म्हणून बायकोच्या घरी मरण झालं की नवऱ्याने आपली चीजवस्तू देऊन लोकांकडून जुड्या घ्यायच्या आणि तिच्या ओंजळीत टाकायच्या. एका चांगल्या डुकराला सहाशे जुड्या कोणीही दिल्या असत्या. मोलुबाचं डुक्कर चांगलंच होतं.

मोलुबा त्याच डुकराला नारळाचा चोथा घालत होता. अंगात पांढरा सदरा. डीकन झाल्यापासून तो डुकराजवळही सदरा घालूनच जायचा. आणि त्याच दिवसापासून बोसुमा त्याला 'तुम्ही' म्हणायला लागली होती. त्यात मान थोडा होता, टोमणा जास्त.

"डीकनसाहेब, पौर्णिमा जवळ आली."

"माहीत आहे."

"मग डुक्कर?"

"डुक्कर चर्चच्या छपराचं आहे. पत्रे चढले की जेवण. मी शब्द दिलाय."

"मला विचारून दिला?"

"देवाच्या कामाला विचारायचं काय?" मोलुबाने चोथ्याची करवंटी खाली ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. तोमदावाबरोबर त्याने तीस वर्षं जाळी ओढली होती, आणि मढं उचलताना सगळ्यांत आधी त्यानेच खांदा दिला होता. "अगं, तुझा भाऊ आता प्रकाशात आहे. त्याला या पाल्याचं काय?"

"पाला त्याला नाही. ज्यांनी त्याला मातीत ठेवला, त्यांना."

"त्यांना जेवायला घालू की. भात, डब्यातली मासळी."

"जेवण दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. जुडी वीस वर्षं टिकते."

मोलुबा हसणार होता, पण सदऱ्याची आठवण झाली. "आणि एक ऐक," तो म्हणाला. "कदाचित पाल्याची गरजच पडणार नाही. पास्टरीणबाई काल वहिनींकडे साबण घेऊन गेल्या होत्या. या रविवारी वहिनी काजळी धुवून चर्चला येणार असं चाललंय. त्या धुतल्या म्हणजे सुतक संपलं. संपलं म्हणजे फेडायचं काय?"

बोसुमाला पुढचं दिसत होतं. नासेबा आपणहून उठून धुतली, तर सगळं गाव एकच म्हणेल. तोमदावाच्या बहिणीची ऐपत नव्हती, म्हणून भावजय फुकट सुटली.

दुपारी ती इबेनाला घेऊन नासेबाकडे निघाली. जाताना तिने हात जोडायचे नाहीत असं स्वतःला बजावलं, आणि वाटभर बजावत राहिली.

नासेबाचं घर बुटकं. आत चटयांचा आडोसा, त्याच्यामागे अंधारात नासेबा, काळी कुळकुळीत. फक्त डोळे आणि सुपारीने लाल झालेले दात दिसत होते. तिची बहीण तिला सोललेलं कोनफळ भरवत होती. मांडीजवळ केळीच्या पानावर गुलाबी साबणाची वडी होती, अजून कागदातली.

"या वन्सं. या भाचीबाई. बसा, मी काही उठू शकत नाही. चार महिने बसून माझं बूड चटईला चिकटलंय."

"साबण छान आहे," बोसुमा म्हणाली.

"वास तर घ्या. फुलांचा आहे म्हणतात. मला खोबऱ्याचा येतो." नासेबाने तोंडातला घास गिळला. "पास्टरीणबाई म्हणाल्या, रविवारी ये, नवा झगा घाल, आणि तो वर बसून तुझी वाट बघतोय असं समज."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की तो वर असला तर बरंच आहे, वन्सं. तिथे निदान..." नासेबाने चटईकडे पाहिलं. "तुमच्या त्या तुमावर किनाऱ्यावर त्या सटव्या टपून असतात. तो तर असा मऊ मनाचा. एकीने पाला हुंगवला की..."

बोसुमा ताडकन उठली. कान गरम झाले होते. भावाच्या बायकांच्या गोष्टी बहिणीने ऐकायच्या नाहीत, मग तो जिवंत असो की मेलेला. तिला त्या नादी लागायचंच नव्हतं. पंचावन्न वर्षांत भाऊ कोणाकडे बघतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि कोणी सांगू लागलं तर ती उठून जायची. आता नासेबाची समजूत घालायची ती नेमकी त्याच गोष्टीवर, आणि त्याच गोष्टीवर तिला तोंड उघडायची बंदी.

ती उंबऱ्याबाहेर जाऊन पाठ करून बसली. सुपारी फोडली, चुना काढला, आणि बहिऱ्यासारखी समुद्राकडे बघू लागली. आतून इबेनाचा आवाज आला.

"मामी, मामाला ओळखतेस ना तू? तो रात्री घोरायचा."

"घोरायचा. गावाला झोप नसायची."

"त्या तुमाच्या बायकांनी एक रात्र काढली की त्याच परत पाठवतील."

नासेबा फिसकन हसली. मग म्हणाली, "तिथे कात टाकतात, पोरी. नवा घसा मिळतो."

"तू तर मानत नाहीस मामी. तू चर्चची."

"मी दोन्ही मानते. तू काय मानतेस?"

"मी काहीच नाही. माती."

"मग तुझं काय जातंय त्या सटव्यांना कमी लेखायला!"

उंबऱ्याबाहेर बोसुमाने चुना जास्त घातला आणि जीभ भाजून घेतली. तिच्या डोक्यात एक सोपी वाट तयार होती. तुमाला जाऊन येणारी, तिथले निरोप आणणारी माणसं प्रत्येक गावात असतात. आपल्यालाही रात्री स्वप्न पडलं, भाऊ एकटाच झाडाखाली बसला होता, नासेबाचं नाव घेत होता, असं सांगितलं तर ही बाई आज साबण समुद्रात फेकेल. पण भावाच्या तोंडात खोटं घालायचं? ते तिला जमण्यासारखं नव्हतं. चुन्याने जीभ भाजलेली असताना तर मुळीच नाही.

ती आत आली आणि उभ्यानेच बोलली.

"वहिनी, तो कुठे आहे हे मला माहीत नाही. माझी आई तुमा म्हणायची, म्हणून मी तुमा म्हणते. पास्टर वेगळं म्हणतो. माझी मुलगी तिसरंच म्हणते. तिकडचं तिकडे. पण तू इथे तीस वर्षं त्याचं केलंस आणि चार महिने काजळीत बसलीस, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं मी फेडणार आहे. तू साबण लावलास तर मला फेडता येणार नाही. बस, एवढंच सांगायला आले."

नासेबाच्या बहिणीच्या हातातलं कोनफळ तसंच राहिलं.

"किती?" नासेबा म्हणाली.

"काय किती?"

"माझ्या वाट्याला किती? माझा बाप मेला तेव्हा माझ्या आईपुढे टोपल्यांवर टोपल्या रचल्या होत्या. कमरेपर्यंत आल्या. ती मरेपर्यंत सांगायची."

"तुझ्या छातीपर्यंत आणीन."

"खांद्यापर्यंत," नासेबा म्हणाली. काळ्या तोंडात लाल दात चमकले. "उभ्याने. मी बुटकी आहे, वन्सं. तुम्हाला स्वस्त पडेन."

"खांद्यापर्यंत," बोसुमा म्हणाली आणि निघाली.

वाटेत इबेना हिशेब करत होती. "एका टोपलीत तीनशे. खांद्यापर्यंत सहा टोपल्या. म्हणजे अठराशे एकट्या मामीला. बाकीच्यांना काय देणार? आई, तू बोलताना जरा मोजून बोलायचं होतंस."

"मोजूनच बोलले."

"मग खांदा का कबूल केलास?"

"तिने मागितला म्हणून."

रविवारी नासेबा चर्चला गेली नाही. पास्टरने वाट पाहून दुसरं गाणं दोनदा म्हणायला लावलं.

पुढचे अडीच आठवडे मायलेकी सूर्य उगवायच्या आत पाटावर बसायच्या. उन्हं कडक होती. पट्ट्या दोन दिवसांत वाळायच्या, पण वारा सुटला की अर्ध्या अंगणाबाहेर. बोसुमाच्या मानेत चमक भरली, पाठ सरळ होईना. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून एके सकाळी गळून पडलं. तिने ते चुलीत टाकलं आणि डाव्या हाताने खरवडायला घेतलं. दुपारी ती डोक्यावर बिस्किटांचे पुडे, तंबाखू, मासळीचे डबे घेऊन गावोगाव हिंडायची. हे घ्या, जुड्या द्या. लोक ओळखीचे होते, त्यामुळे दर जास्त लावायचे.

"नवऱ्याचं डुक्कर काय करतंय?" एका गावात एका म्हातारीने विचारलं.

"बायबल वाचतंय," बोसुमा म्हणाली. म्हातारी इतकी हसली की दहा जुड्या वर दिल्या.

मग पत्र्याची ट्रंक गेली. शेवटी शिलाई मशीन. मिशनच्या बायकांनी वीस वर्षांपूर्वी दिलेलं, हाताने फिरवायचं. मोलुबाचा पांढरा सदरा त्याच मशीनवर शिवलेला. पलीकडच्या गावातल्या एका बाईने त्याचे पाचशे वीस दिले आणि सुयांची डबी मागून घेतली. बोसुमाने ती फुकट दिली. घासाघीस करायला तिच्याकडे वेळ नव्हता.

पौर्णिमेच्या दिवशी कुडुवालाच्या मधल्या पटांगणात तीन गावं जमली. पुरुष कडेला, घरांच्या सावलीत. मधे बायका. तोमदावाच्या आईकडच्या बायकांनी लालभडक पानांचे घागरे एकावर एक चढवले होते. बोसुमाच्या अंगावर तीन होते, नवे कोरे. ती मधे उभी राहिली आणि तिने हाक दिली.

"हे कबर खणणाऱ्यांना!"

जुड्या पडल्या. कबर खणणाऱ्यांच्या बायकांनी धावत येऊन उचलल्या.

"हे डोकी भादरलेल्यांना! हे मढ्याजवळ रात्र जागवणाऱ्यांना! हे त्याला पाणी पाजणाऱ्यांना!"

दर हाकेला ढीग पडायचा, दर ढिगावर बायका तुटून पडायच्या. कोणी म्हणत होती माझ्या जुड्या जुन्या आहेत, कोणी म्हणत होती तुझी बहीण तेवढी रडलीच नव्हती. सकाळ गेली. घामाने बोसुमाच्या पाठीला पानांचा चुरा चिकटला. आवाज बसला. इबेना कानाशी येऊन पुटपुटली, "पाचच टोपल्या आणि थोडं उरलंय."

"नासेबाला बोलाव."

नासेबाला तिच्या बहिणींनी दोन्ही बाजूंनी धरून आणलं. जवळजवळ पाच महिन्यांनी ती उन्हात आली होती. डोळे मिटत होते. तिला मधे उभं केलं. बोसुमाने पहिली टोपली तिच्यासमोर ठेवली. दुसरी. तिसरी. चौथी कमरेशी आली आणि गर्दीत कुजबुज झाली. पाचवी. मग सहावी, ती बुटकी, बाकीच्यांच्या जेमतेम अर्धी.

अर्ध्या टोपलीची कड नासेबाच्या खांद्याला अगदी टेकली.

बायकांनी हाळी दिली. बोसुमाने टोपलीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. नासेबाच्या काळ्या घागऱ्याचा काठ मघाशी पोटऱ्यांवर होता. आता तो धुळीत लोळत होता.

"वहिनी," बोसुमा हळूच म्हणाली. "सरळ उभी राहा."

"सरळच आहे."

"गुडघे."

"म्हातारी झालेय, वन्सं." नासेबाचे ओठ हलतही नव्हते. "गुडघे वाकतात. तुम्ही गप्प बसा आणि पुढची हाक द्या."

"तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. उभी राहा." मग बोसुमाने बसलेला आवाज जेवढा लागेल तेवढा लावला, म्हणजे सावलीतल्या पुरुषांपर्यंत गेला. "माझ्या भावाची बायको माझ्या सोयीसाठी वाकणार नाही!"

नासेबा सरळ झाली. टोपलीची कड आणि खांदा यांत वीतभर हवा राहिली. सगळ्या पटांगणाने ती पाहिली. नासेबाकडची कोणीतरी म्हणाली, "वीतभर राहिलं गं," आणि दुसरी हसली.

बोसुमाने कमरेला हात घातला आणि पहिल्या घागऱ्याची दोरी सोडली. तो टोपलीवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. नवे घागरे फुगीर असतात. तिसरा ठेवल्यावर त्याची लाल झालर नासेबाच्या खांद्याच्या वर आली आणि तिच्या काजळलेल्या गालाला लागली.

बोसुमाच्या अंगावर आता एक परकर उरला होता. तांदळाच्या पोत्याचा, पुढच्या बाजूला निळ्या अक्षरांत वजन छापलेला. तीन गावं ते वाचत होती. चर्चच्या पायऱ्यांवर मोलुबा पांढऱ्या सदऱ्यात उभा होता, तोही वाचत होता. बोसुमाने परकर झाकला नाही. पाठ दुखत असून ताठ उभी राहिली आणि म्हणाली,

"हे तोमदावाच्या बायकोला. आता कोणाचं काही राहिलंय?"

कोणाचं राहिलं नव्हतं. मघाशी हसलेली बाईच पहिल्यांदा खाली बसली, आणि मग सगळ्या बसल्या.

त्याच संध्याकाळी नासेबा पास्टरीणबाईंच्या साबणाने धुतली. साबण पुरा संपला तेव्हा कुठे तिचा मूळ रंग दिसला. रविवारी ती चर्चला गेली आणि बाहेर पडताना पास्टरला विचारलं, तिथे लग्न होत नाही हे पक्कं ना. पास्टर म्हणाला पक्कं. तरी घरी गेल्यावर तिने तुमाच्या दिशेला एक सुपारी ठेवली, असं इबेना सांगते.

कोणी किती भरलं ते असं. नासेबाने जवळजवळ पाच महिने भरले आणि साडेसोळाशेच्या आसपास जुड्या व तीन घागरे घेतले. पास्टरचा एक रविवार आणि एक साबण गेला. इबेनाने, जिचा कशावर विश्वास नव्हता, जवळजवळ हजार जुड्या खरवडल्या आणि बदल्यात काही मागितलं नाही. मोलुबाचं डुक्कर पत्र्यांच्या जेवणाला कापलं गेलं. त्या जेवणाला बोसुमाकडचं कोणी आलं नाही. हंगामाला बोसुमाच्या वंशातल्या पुरुषांनी त्याच्या कोठारात कोनफळं भरली ती साठ टोपल्या. गेल्या वर्षी दोनशे होत्या. कोठाराच्या फटींतून पलीकडचा समुद्र दिसत होता. एका डुकराची बचत त्याला एकशे चाळीस टोपल्यांना पडली.

आणि बोसुमा. ट्रंक, मशीन, सुयांची डबी, तीन घागरे, एक नख. साठ टोपल्यांतली मोठी कोनफळं ती नवऱ्याला वाढायची, बारकी स्वतः खायची. पण पाणवठ्यावर जाताना ती तांदळाच्या पोत्याच्या परकरात वाटेच्या मधून चालायला लागली, आणि समोरून येणाऱ्या बायका कडेला होऊन तिला वाट द्यायच्या.